माझा मित्र माती झाला

प्रश्न असा आहे : मेसोपोटेमियातल्या प्राचीन महाकाव्याचा नायक, राजा गिल्गमेश, अमरत्व शोधत जगाच्या टोकापर्यंत जातो आणि हात हलवत परत येतो. मग या सगळ्या खटाटोपाचं सांगणं ‘मरावे परी कीर्तिरूपे उरावे’ एवढंच का? आणि आपल्या अश्वत्थाम्याशी, चिरंजीवांशी ते कुठे जुळतं?

कीर्तीचं उत्तर या महाकाव्यात आहे. पण ते शेवटी येत नाही, सुरुवातीला येतं आणि काव्याच्या मध्यावर मोडून पडतं. मी 26 वर्षं हे काव्य शिकवत आले आहे. अक्कादी, म्हणजे या काव्याची मूळ भाषा, बऱ्याच उशिरा, चाळिशीनंतर शिकले. तोवर मीही वर्गात हेच सांगायचे की राजा अमर झाला नाही, त्याचं नाव अमर झालं. मूळ ओळी अक्षर अक्षर लावून वाचायला लागले तेव्हा हे सांगणं मला सोडून द्यावं लागलं.

आधी हे काव्य म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात. उरुक हे आजच्या दक्षिण इराकमधलं शहर, आजचं नाव वारका. तिथल्या या राजाबद्दल सुमेरी भाषेत सुट्या कथा होत्या. त्यांवरून इ.स.पू. 18व्या शतकाच्या सुमारास अक्कादीत एक सलग काव्य उभं राहिलं. त्यानंतर काही शतकांनी सिन-लेकी-उन्निन्नी या विद्वानाच्या नावावर असलेली प्रमाण पाठपरंपरा तयार झाली. तीच आज आपण ‘गिल्गमेश’ म्हणून वाचतो : मातीच्या 12 पाट्या, सुमारे 3,000 ओळी, मध्ये मध्ये फुटलेल्या, गळालेल्या. नवे तुकडे अजूनही सापडतात. 2011 मध्ये इराकमधल्या सुलेमानिया इथल्या संग्रहालयानं विकत घेतलेल्या एका पाटीनं देवदारांच्या अरण्याचं वर्णन बरंच भरून काढलं.

आता कीर्ती. जुन्या सुमेरी कथेत राजा शहराच्या तटावरून खाली वाकून बघतो, तर नदीतून प्रेतं वाहत चाललेली. तो म्हणतो, माझंही असंच होणार. म्हणून त्याला देवदारांच्या अरण्यात जायचं आहे, तिथे आपलं नाव रोवायचं आहे. जुन्या अक्कादी पाठात तो मित्राला, एन्किडूला, समजावतो : सूर्याच्या सोबत कायम राहतात ते देवच, माणसाचे दिवस मोजलेले, तो जे काही करतो तो नुसता वारा. मी पडलो तरी नाव मागे राहील. तरुण माणसाचं बोलणं आहे हे. मृत्यू त्याला ठाऊक आहे, पण दुरून, तटावरून खाली बघताना दिसतो तेवढा. दोघं जातात, अरण्याचा राखणदार हुंबाबा याला मारतात, देवदार तोडून आणतात. पुढे इश्तार देवीचा लग्नाचा प्रस्ताव गिल्गमेश अपमान करून फेटाळतो. तिनं सोडलेला स्वर्गाचा बैल दोघं मिळून मारतात. नाव मिळालेलं असतं. कीर्तीच हवी असती तर काव्य इथे संपलं असतं.

देव ठरवतात की दोघांपैकी एकानं मरायचं. एन्किडू आजारी पडतो आणि बारा दिवस अंथरुणाला खिळून मरतो. सातव्या पाटीच्या शेवटच्या, तुटक्या ओळींमध्ये तो जे म्हणतो त्याकडे फार कमी वाचकांचं लक्ष जातं. लढाईत जो पडतो त्याचं नाव होतं, मी मात्र लढाईत पडत नाही, माझं नाव होणार नाही. ज्या उत्तराच्या भरवशावर दोघं घराबाहेर पडले होते, ते एका खाटेवर खोटं पडतं. बहुतेक माणसं खाटेवरच मरतात. कीर्तीपाशी त्यांच्यासाठी काही नसतं, आणि मागे राहिलेल्यासाठी तर त्याहूनही नसतं. हुंबाबाला मारल्याचं नाव गिल्गमेशलाही मिळालेलंच होतं ना? त्या नावाचा त्याला पुढच्या एकाही ओळीत उपयोग होत नाही.

तो मित्राचा चेहरा नवरीचा झाकावा तसा झाकतो. गरुडासारखा त्याच्याभोवती घिरट्या घालतो, पिल्लं हरवलेल्या सिंहिणीसारखा येरझाऱ्या घालतो. पुढे तो स्वतःच सांगतो : सहा दिवस आणि सात रात्री मी त्याच्यासाठी रडलो, त्याला पुरायला दिलं नाही, त्याच्या नाकातून किडा गळून पडेपर्यंत.

हा किडा मी वर्गात कधी गाळला नाही. मुलं अस्वस्थ होतात, होऊ द्यावीत. अमरत्वाचा शोध म्हणून आपण ज्याला मोठं तात्त्विक नाव देतो, त्याची सुरुवात या किड्यापासून झाली आहे. माणूस मर्त्य आहे हे राजाला आधीही माहीत होतं, वर त्यानं ते म्हटलंच आहे. आता त्यानं ते पाहिलं. त्यानंतर तो राजवस्त्रं टाकून, सिंहाचं कातडं पांघरून रानोमाळ फिरायला लागतो. तोंडी एकच वाक्य : ज्याच्यावर माझा जीव होता तो माझा मित्र माती झाला. मीही त्याच्यासारखा आडवा होणार ना, पुन्हा कधीच न उठण्यासाठी?

मूळ अक्कादी शब्द खरोखर ‘माती’ असाच आहे, चिखलमाती, जिच्या विटा पाडतात आणि पाट्या थापतात ती. इथे मराठी वाचकाला इतर कोणाहून जवळचा रस्ता आहे. आपण अंत्ययात्रेला जाताना ‘मातीला जाऊन येतो’ म्हणतो. आयुष्याची माती झाली, हेही आपण म्हणतो. आणि एन्किडूला मुळात मातीपासूनच बनवलेलं आहे : पहिल्या पाटीत अरुरू देवी हात धुते, मातीचा गोळा चिमटीत घेते आणि रानात टाकते. जिथून आला तिथे तो गेला. हे काव्य लिहिणाऱ्याच्या हातातही तेव्हा ओल्या मातीची पाटी होती आणि बोरूची लेखणी होती.

गिल्गमेशचं ते वाक्य, त्याच्या आगेमागच्या पंचवीस-तीस ओळींसकट, दहाव्या पाटीत तीनदा येतं, जवळजवळ शब्दशः. समुद्राकाठच्या मद्यशाळेच्या मालकिणीला, सिदुरीला, तो ते सांगतो. नावाडी उर्शनबीला सांगतो. पैलतीरावरच्या उतनपिश्तीला सांगतो. जुनं मौखिक काव्य, त्यात पुनरुक्ती असणारच, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. माझे वडील गेले तेव्हा घरी भेटायला माणसं येत होती. आई प्रत्येकाला तेच सांगत होती, त्याच शब्दांत : सकाळी चहा अर्धाच घेतला, म्हणाले जरा पडतो. तेरा दिवसांत मी ते चाळीसएक वेळा ऐकलं असेल. एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. त्यानंतर दहावी पाटी मला वेगळी ऐकू यायला लागली. या कवीनं दुःखात माणूस कसा बोलतो ते नीट ऐकलेलं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं की अमरत्वाचा हा शोध मुळात सुतक न फिटलेल्या माणसाची वणवण आहे. शब्दही तेच सांगतात. राजा जे शोधतो त्याला अक्कादीत ‘बलाटु’ म्हणतात. त्याचा साधा अर्थ जगणं, जिवंत असणं. रोग्याचं बरं होणंही त्यात येतं. ‘अमरत्व’ हा आपला अनुवाद झाला. सिदुरी त्याला सांगते : जे जगणं तू शोधतोयस ते तुला सापडणार नाही. मित्र बरा झाला नाही, ही गोष्ट त्या शब्दातच बसलेली आहे.

सिदुरीचं पुढचं बोलणं जगभर उद्धृत होतं. देवांनी माणूस घडवला तेव्हा मरण माणसाच्या वाट्याला दिलं आणि जगणं आपल्या हातात ठेवलं. तू पोटभर खा, रात्रंदिवस आनंदात राहा, कपडे स्वच्छ असू देत, डोक्यावरून पाणी घे, तुझं बोट धरणाऱ्या लेकराकडे बघ, बायकोला कुशीत घे. सुंदरच आहे. पण हे बोलणं जुन्या पाठातलं आहे, नंतरच्या प्रमाण पाठात ते नाही. अनेक जाणकारांना त्याची हळहळ वाटते, मला वाटत नाही. तिचा सल्ला खरा आहे, फक्त तो ज्याच्या समोर चालला आहे त्याच्या अंगावरचा चिखल अजून वाळलेला नाही. प्रमाण पाठातली सिदुरी त्याला लांबून येताना बघून दाराला अडसर लावते आणि छपरावर चढून त्याच्याशी बोलते. शोकानं वेड्या झालेल्या माणसाला बघून जग हेच करतं.

उतनपिश्ती म्हणजे महापूर तरून गेलेला, देवांनी बायकोसह अमर केलेला एकुलता एक माणूस. त्याच्या नावेची, पुराची, सोडलेल्या पक्ष्यांची कथा प्रसिद्ध आहे, ती इथे परत सांगत नाही. तिच्यापेक्षा त्याचं त्याआधीचं बोलणं महत्त्वाचं. मृत्यू कोणाला दिसत नाही, त्याचा चेहरा कोणी पाहत नाही, त्याचा आवाज कोणी ऐकत नाही, आणि तरी तो बोरूच्या बेटातला बोरू मोडावा तसा माणसाला मोडतो. आपण घरं बांधतो, भाऊ वाटण्या करतात, नदीला पूर येतो, पाण्यावर एक चिमुकला कीटक तरंगत जातो, त्याचा चेहरा सूर्याकडे लागलेला असतो, आणि एकदम काहीच नसतं. इतक्या थोड्या ओळींत एवढं सांगणारं मरणाबद्दलचं दुसरं लेखन मी वाचलेलं नाही.

मग तो परीक्षा घेतो : मरण जिंकायचं म्हणतोस, आधी झोप जिंकून दाखव, सहा दिवस आणि सात रात्री. गिल्गमेश मांडी घालून बसतो आणि त्याला तिथल्या तिथे झोप लागते. उठल्यावर हा नाकबूल करणार हे म्हाताऱ्याला ठाऊक असतं. म्हणून तो बायकोला रोज एक भाकरी भाजून त्याच्या उशाशी ठेवायला आणि भिंतीवर रोज एक खूण करायला सांगतो. राजा जागा होतो तेव्हा पहिली भाकरी वाळून कडक झालेली, दुसरी चामड्यासारखी वातड, तिसरी ओलसर, चौथीवर पांढरं आलेलं, पाचवीवर करडी बुरशी, सहावी ताजी आणि सातवी अजून निखाऱ्यावर. काळ म्हणजे काय, हे ज्यांना शिकवायचं आहे त्यांनी या सात भाकऱ्या शिकवाव्यात.

पण सहा दिवस आणि सात रात्री, हा आकडा आधी कुठे आला होता? शमहत नावाच्या गणिकेच्या सहवासात एन्किडू रानटीचा माणूस झाला तेव्हा, महापुराचं वादळ घोंघावत होतं तेव्हा, आणि मित्राच्या प्रेतापाशी राजा बसून राहिला तेव्हा. मी विद्यार्थ्यांना चारही जागा पेन्सिलीनं खुणावायला सांगते. जितक्या रात्री तो प्रेतापाशी बसून होता, तितक्याच रात्री तो इथे झोपतो. परीक्षेत नापास झाला हे खरंच. पण एन्किडू गेल्यापासून त्याला अशी झोप लागल्याचं हे काव्य पहिल्यांदाच सांगतं. नुकताच तर म्हणत होता, माझ्या चेहऱ्याला गोड झोप पुरेशी मिळालेली नाही. उठल्यावर तो घाबरतो : माझ्या शेजघरात मरण बसलं आहे, जिकडे वळावं तिकडे मरणच. यानंतर त्याला न्हाऊ घालतात, अंगावरचं कातडं समुद्रात सोडून देतात, स्वच्छ वस्त्रं देतात. तेराव्याला आपल्याकडे घर धुऊन माणसं पुन्हा नीट कपडे घालतात, तसंच जवळजवळ. सिदुरीचा सल्ला प्रमाण पाठात बोलून दाखवलेला नाही, पण इथे तो कृतीत येतो.

वनस्पतीची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. पायाला दगड बांधून तो पाण्याच्या तळातून काटेरी वनस्पती आणतो. तिचं नाव ‘म्हातारा झाला तरणा’ असं काहीसं आहे. म्हणजे ही अमर करणारी नाही, पुन्हा तरुण करणारी. ती मिळताच तो खात नाही. उरुकला नेईन, आधी एखाद्या म्हाताऱ्याला देऊन बघेन, मग मी खाईन, असं म्हणतो. यात संशय आहे की औदार्य, यावर वर्गात तास जातो. मला दोन्ही दिसतं. ज्या राजाच्या जुलमाविरुद्ध पहिल्या पाटीत प्रजा देवांकडे रडत गेली होती, त्याला औषध हाती येताच गावातला म्हातारा आठवतो, हे मला सोडवत नाही. वाटेत गार पाण्याचं तळं दिसतं, तो अंघोळीला उतरतो, वासावर साप येतो, वनस्पती नेतो आणि जाता जाता कात टाकतो.

इथे आपल्या आदिपर्वातली गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. आईला दास्यातून सोडवण्यासाठी गरुड अमृत आणतो, दर्भावर ठेवतो आणि नागांना सांगतो, आधी स्नान करून या. नाग स्नानाला जातात, इंद्र कलश उचलून नेतो. नाग परत येऊन नुसता दर्भ चाटतात आणि त्यांच्या जिभा चिरतात. तिकडे माणूस अंघोळीला गेला आणि सापाला मिळालं, इकडे साप अंघोळीला गेले आणि त्यांचं गेलं. यावरून कोणी कोणाचं उचललं, असा निष्कर्ष काढू नये. कात टाकणारा प्राणी बघून दोन नदीकाठच्या लोकांना तोच प्रश्न पडला, इतकं म्हणता येतं.

अश्वत्थाम्याबद्दल विचारलं आहे. सौप्तिकपर्वात कृष्ण त्याला शाप देतो तो तीन हजार वर्षांचा : कोणाशी बोलणं नाही, सोबत नाही, अंगाला पू आणि रक्ताचा वास, निर्जन रानातून भटकणं. ‘कायमचा अमर’ हे नंतरच्या परंपरेनं आणि लोकमनानं केलं. नंदुरबारकडे सातपुड्यात दिवाळीच्या दिवसांत अस्तंब्याच्या डोंगराची यात्रा भरते. कपाळाच्या जखमेवर लावायला तेल मागत तो तिथे फिरतो, अशी श्रद्धा आहे. लग्नपत्रिकेत मुलाच्या नावाआधी आपण ‘चि.’ लिहितो आणि त्याच परंपरेत चिरंजीव होण्याची सर्वांत भयंकर प्रतिमाही सांभाळतो. गिल्गमेशशी याचा धागा जुळतो तो इथे : मरण आलं नाही तरी सुतक संपत नाही, असा माणूस कसा दिसेल? कातडं पांघरून रानोमाळ फिरणारा गिल्गमेश तसाच दिसतो. फरक एवढा, की त्याला कोणीतरी न्हाऊ घातलं आणि घरी पाठवलं. होमरच्या ‘ओडिसी’त कॅलिप्सो ओडिसियसला अमर करायला तयार असते आणि तो घरी जायचं म्हणतो. घर हा शब्द या सगळ्या काव्यांत अमृताच्या समोर उभा असतो.

बाराव्या पाटीचं काय करायचं, हेही विद्यार्थी विचारतात. ती सुमेरी कथेचा अनुवाद आहे आणि तिच्यात एन्किडू जिवंत आहे, म्हणून ती जोडलेली वाटते. तरी वाचावी. एन्किडूचा आत्मा पाताळातली हकिगत सांगतो : ज्याला मुलं जास्त त्याचे हाल कमी, आणि ज्याला मागे कोणी अन्नपाणी ठेवणारं नाही तो भांड्याची खरवड आणि रस्त्यावर टाकलेले तुकडे खातो. मृतांना अन्नपाणी देण्याचा ‘किस्पु’ नावाचा विधी मेसोपोटेमियात घरोघरी होत असे. पिंडाला कावळा शिवेपर्यंत ताटकळलेल्या कोणालाही ही पाटी परकी वाटणार नाही.

आता शेवट, म्हणजे अकराव्या पाटीचा. साप गेल्यावर गिल्गमेश बसून रडतो आणि नावाड्याला विचारतो, कोणासाठी माझे हात झिजले? पुन्हा जाता येणार नाही, कारण उतनपिश्तीनं उर्शनबीला घाटावरून कायमचं काढून टाकलं आहे. दोघं चालत उरुकला येतात आणि राजा त्या बेकार झालेल्या नावाड्याला सांगतो : उर्शनबी, चढ या तटावर, फिर, पाया बघ, विटा तपास, या भट्टीत भाजलेल्या नाहीत का? हे शब्द पहिल्या पाटीच्या सुरुवातीला कवीनं आपल्याला सांगितलेले शब्द आहेत. तेव्हा त्याच जागी आपण उभे होतो. उरुकचा तट खरा आहे, त्याचा घेर सुमारे 9 किलोमीटर भरतो आणि त्याचे अवशेष आजही दिसतात.

यात कीर्ती नाही का? आहे, पण राजा स्वतःचं नाव घेत नाही. हुंबाबा नाही, बैल नाही, मी बांधलं असंही नाही. पाया सात ऋषींनी घातला, असं तो म्हणतो. ज्या तटावरून तो तरुणपणी प्रेतं बघत होता, त्याच्या विटांवर आता हात फिरवायला सांगतो. या काव्याची हकिगतही तशीच आहे. इ.स.पू. 612 मध्ये असिरियाची राजधानी निनेवे जळली, तिथल्या असुरबनिपाल राजाचा ग्रंथसंग्रह ढिगाऱ्याखाली गेला, आणि त्या आगीत मातीच्या कित्येक पाट्या विटांसारख्या भाजून निघाल्या. मोसुलचा उत्खननकार होर्मुझ्द रस्साम 1853 मध्ये तिथे पोचला. ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज स्मिथनं 3 डिसेंबर 1872 रोजी लंडनमध्ये त्या पाट्यांवरची महापुराची कथा वाचून दाखवली.

नवा वाचक असाल तर पहिल्या पाटीचं हे आरंभीचं पान आणि अकराव्या पाटीचं शेवटचं पान शेजारी ठेवून वाचा. शेवटच्या दोन ओळींत राजा नावाड्याला शहराचं माप सांगतो. एक शार वस्ती, एक शार खजुराच्या बागा, एक शार मातीची खाण, अर्धा शार इश्तारचं देऊळ. मित्र माती झाला म्हणून जो जगाच्या टोकापर्यंत पळाला, तो परत येऊन शहर मोजतो तेव्हा ज्या खड्ड्यातून विटांची माती काढली तो खड्डाही धरतो, आणि त्याला वस्तीइतकीच जागा देतो.